गिटचा इतिहास चित्रात वाचायला शिका: नवख्यांसाठी पायरीपायरीने

गिट म्हणजे प्रोजेक्टच्या फायलींत वेळोवेळी झालेले बदल नोंदवून ठेवणारं साधन. ते शिकणारा नवखा माणूस साधारण एकाच वाटेने जातो. ॲड (बदल निवडणं), कमिट (नोंदवणं), पुश (सर्व्हरवर पाठवणं), पुल (सर्व्हरवरून आणणं) या चार आज्ञा तो पाठ करतो आणि काही दिवस सुरळीत चालतं. मग एखाद्या दिवशी पुश अडतो, पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी उमटतं, आणि गडी आपल्या बदललेल्या फायली दुसरीकडे कॉपी करून सगळा फोल्डर उडवतो आणि प्रोजेक्ट सर्व्हरवरून नव्याने उतरवून घेतो, म्हणजे क्लोन करतो. हा उपाय चालतो, म्हणूनच वाईट आहे. काय बिघडलं होतं ते कधी कळतच नाही.

माझं मत असं, की अडचण आज्ञांची नसते. आज्ञा दिल्यावर कशात काय बदललं, याचं चित्र डोळ्यांपुढे नसतं, तिथे खरी गोम आहे. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी चित्र वाचायचं, मग आज्ञा द्यायची किंवा बटण दाबायचं. गिटच्या खिडकीवाल्या प्रोग्रामांना काही जुनेजाणते 'कुबड्या' म्हणतात. बटणांपुरतं ते थोडं खरं आहे, पण आलेखाबद्दल, म्हणजे इतिहासाच्या या चित्राबद्दल, अजिबात नाही. दहा वर्षं टर्मिनलवर काम केलेली माणसंही गुंता झाला की आधी आलेखच उघडतात.

लिपीबद्दल एक सूचना आधीच: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायच्या.

पायरी १: चित्रात असतं तरी काय

तीनच गोष्टी असतात: ठिपके, रेघा आणि लेबलं.

ठिपका म्हणजे कमिट. कमिटमध्ये फक्त बदललेल्या ओळी साठवल्या जातात असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही. प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या अख्ख्या प्रोजेक्टकडे बोट दाखवतं. न बदललेल्या फायली पुन्हा साठवल्या जात नाहीत, जुन्याच वापरल्या जातात. डिफ म्हणून जे दिसतं ते दोन ठिपक्यांची तुलना करून तेव्हाच्या तेव्हा काढलेलं असतं. एवढी एक गोष्ट पक्की बसली की 'हा बदल नेमका कशाच्या तुलनेत?' असा प्रश्न आपोआप पडू लागतो, आणि बरेच घोटाळे तिथेच टळतात.

रेघ म्हणजे पालकाशी असलेलं नातं. प्रत्येक कमिटला आपला पालक कोण हे माहीत असतं. पालकाला मात्र आपल्या मुलांची काही खबर नसते. म्हणून काही आकृत्यांत बाण मागे, जुन्या कमिटकडे वळलेले दिसतात. ते चुकलेले नाहीत, नातं खरंच त्या दिशेचं आहे. साध्या कमिटला एक पालक, दोन फांद्या जोडणाऱ्या मर्ज कमिटला दोन, आणि अगदी पहिल्या कमिटला एकही नाही. दोनापेक्षा जास्त पालकांचं मर्जही करता येतं, त्याला ऑक्टोपस मर्ज म्हणतात. रोजच्या कामात ते क्वचितच दिसेल.

प्रत्येक ठिपक्याची ओळख म्हणजे त्याचा हॅश. नेहमीच्या रिपोत (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टच्या साठ्यात) तो ४० अक्षरी असतो, पडद्यावर बहुधा पहिली ७ अक्षरं दाखवतात. हा हॅश कमिटमधल्या सगळ्या माहितीवरून काढलेला असतो, आणि त्या माहितीत पालकाचा हॅशही आला. हे लक्षात ठेवा, पुढे रीबेस, म्हणजे फांदी दुसऱ्या ठिपक्यावर नव्याने मांडणं, येईल तेव्हा उपयोगी पडेल.

आता लेबलं. ब्रांच म्हणजे प्रोजेक्टची वेगळी प्रत, असं समजणं हा नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज. ब्रांच म्हणजे एका ठिपक्यावर चिकटवलेली चिठ्ठी, बाकी काही नाही. नव्या ब्रांचसाठी गिट जी छोटी फाइल लिहितं तिच्यात ४० अक्षरांचा हॅश आणि ओळ संपल्याची एक खूण, असे एकूण ४१ बाइट असतात. त्यामुळे ब्रांच काढायला वेळ लागत नाही, जागा लागत नाही, आणि ब्रांच पुसली म्हणून ठिपके लगेच पुसले जात नाहीत. 'हेड' नावाचं आणखी एक लेबल असतं. 'सध्या तुम्ही इथे आहात' एवढंच ते सांगतं. बहुतेक वेळा ते एखाद्या ब्रांचच्या चिठ्ठीला जोडलेलं असतं, आणि नवं कमिट केलं की ती चिठ्ठी एक ठिपका पुढे सरकते.

पायरी २: साधन निवडा, पण त्यात अडकू नका

गिट बसवलं की बहुधा एक आलेख दाखवणारा प्रोग्राम सोबत येतोच: गिटके. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, आणि त्याच वर्षी पॉल मॅकेरास यांनी टीसीएल-टीके वापरून गिटके लिहिलं. दिसायला ते आजही त्याच काळातलं वाटतं. पण जलद आहे, आणि विंडोजवरच्या गिटसोबत लगेच मिळतं. लिनक्सवर कधी कधी त्याचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर २०२४ पासून त्याच्या सोर्स कंट्रोल पॅनेलमध्येच आलेख मिळतो. त्याआधीपासून लोक गिट ग्राफ आणि गिटलेन्स ही एक्स्टेन्शनं वापरत आले आहेत. सोर्सट्री आणि फोर्क विंडोज आणि मॅकवर चालतात, लिनक्सवर नाही. टॉर्टॉइजगिट विंडोजच्या फोल्डरमध्येच राइट-क्लिकच्या मेनूत बसतं. गिटच्या आधीच्या सबव्हर्जन या साधनाच्या काळात टॉर्टॉइजएसव्हीएन वापरलेल्यांना ते घरचंच वाटेल. टर्मिनल सोडायचंच नसेल तर टिग किंवा लेझीगिट बघा. गिटहब डेस्कटॉप सुटसुटीत आहे, पण त्यात ब्रांचांचं जाळं दिसत नाही, एका ब्रांचची सरळ यादी दिसते. म्हणून रोज वापरायला चालेल, शिकायला मी सुचवणार नाही.

कुठलंही एक घ्या. या लेखातलं सगळं त्या प्रत्येकाला लागू पडतं. आणि काहीच नसलं तरी टर्मिनलमध्ये ही आज्ञा आहेच:

गिट लॉग --ग्राफ --वनलाइन --ऑल

यातलं 'ऑल' विसरू नका. ते नसेल तर फक्त सध्याच्या ब्रांचचा इतिहास दिसतो, आणि दुसऱ्या ब्रांचवरचं काम 'गेलं' असं वाटून उगाच घाम फुटतो.

पायरी ३: सरावाचा रिपो उभा करा

खऱ्या प्रोजेक्टवर प्रयोग नकोत. रिकामा फोल्डर करा, त्यात 'गिट इनिट' द्या. संगणकावर गिट पहिल्यांदाच वापरत असाल तर आधी नाव आणि ईमेल सेटिंगमध्ये भरा, नाहीतर कमिट बहुधा अडेल. मुख्य ब्रांचचं नाव तुमच्या सेटिंगप्रमाणे मेन किंवा मास्टर असेल; इथे मेन धरतो.

दोन साध्या मजकुराच्या फायली करा, एक मजकुराची आणि एक रंगांची. फायलींची नावं रोमन अक्षरांत ठेवलेली बरी. देवनागरी नावं गिटला चालतात, पण मूळ सेटिंगमध्ये ते ती तशी न दाखवता उलट्या रेघा आणि आकड्यांच्या माळेत दाखवतं. 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केलं की नावं नीट दिसू लागतात. कमिटचे संदेश मात्र खुशाल मराठीत लिहा.

आता क्रमाने: दोन्ही फायली घालून पहिलं कमिट, संदेश 'पहिली आवृत्ती'. मजकुरात एक ओळ वाढवून दुसरं, 'शीर्षक जोडलं'. मग 'गिट स्विच -सी रंग' देऊन रंग नावाची ब्रांच काढा. तिच्यावर फक्त रंगांची फाइल बदलत दोन कमिट करा. 'गिट स्विच मेन' देऊन परत या, मजकुराच्या फायलीत एक चूक दुरुस्त करून आणखी एक कमिट करा. ('स्विच' ही आज्ञा २०१९ मध्ये आली. जुन्या लेखांत तिच्या जागी 'चेकआउट' दिसेल.)

हॅश गाळले तर आलेख साधारण असा दिसेल:

```
* शुद्धलेखन दुरुस्त   (हेड -> मेन)
| * बटणाचा रंग बदलला   (रंग)
| * पार्श्वभूमी बदलली
|/
* शीर्षक जोडलं
* पहिली आवृत्ती
```

खालून वर वाचा, जुनं खाली आणि नवं वर. चांदणी म्हणजे ठिपका. 'शीर्षक जोडलं' इथून वाट फुटली आहे, आणि तो दोन्ही ब्रांचांचा समाईक पूर्वज आहे. हा ठिपका आत्ताच बोट ठेवून शोधा, कारण मर्जचं सगळं गणित त्याच्यावर चालतं.

नवख्यांची दिशाभूल करणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगतो. पहिली, डावा स्तंभ म्हणजे 'मुख्य' ब्रांच असं काही नसतं. प्रोग्राम जागा बघून स्तंभ आणि रंग ठरवतो, आणि उद्या तीच ब्रांच दुसऱ्या रंगात दिसू शकते. रंगावर जाऊ नका, लेबल वाचा. दुसरी, वरचा ठिपका खालच्यापेक्षा वेळेने नंतरचाच असेल असंही नाही. आलेख पालकांचा क्रम पाळतो. दोन वेगळ्या फांद्यांवरचे ठिपके घड्याळाच्या हिशोबाने वरखाली असू शकतात.

पायरी ४: बटणाआधी पेन्सिल

मर्ज किंवा रीबेस करण्याआधी नंतरचा आलेख कागदावर काढा. मग आज्ञा द्या आणि ताडून बघा. कागद आणि पडदा जुळले नाहीत की नेमकं काय समजलं नव्हतं ते उघडं पडतं. पाठांतराने जे महिनोन्महिने होत नाही ते या सवयीने काही बैठकांत होतं.

मेनवर उभं राहून 'गिट मर्ज रंग' दिलं तर काय होईल? मेन पुढे गेलेलं आहे, रंगही पुढे गेलेलं आहे. म्हणून दोन पालकांचा नवा ठिपका तयार होईल आणि मेनचं लेबल त्याच्यावर जाईल. रंगचं लेबल होतं तिथेच राहील. ही शेवटची गोष्ट अनेकांच्या कागदावर चुकते.

```
*   रंग ब्रांच मर्ज   (हेड -> मेन)
|\
| * बटणाचा रंग बदलला   (रंग)
| * पार्श्वभूमी बदलली
* | शुद्धलेखन दुरुस्त
|/
* शीर्षक जोडलं
* पहिली आवृत्ती
```

आता रंगवर जाऊन 'गिट मर्ज मेन' द्या. यावेळी नवा ठिपका होणारच नाही. रंगचं लेबल रेघेवरून चालत नुसतं वर सरकेल, कारण त्याच्या बाजूला वेगळं काही उरलेलंच नाही. याला फास्ट-फॉरवर्ड म्हणतात. मर्ज केलं आणि आलेखात मर्ज कमिट दिसलं नाही म्हणून घाबरलेल्यांचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

रीबेस करून बघायचा असेल तर फोल्डरची एक प्रत मर्जच्या आधीच काढून ठेवा आणि तिच्यात करा. रंगवर उभं राहून 'गिट रीबेस मेन' दिलं की आलेख सरळ एका रेषेत येतो: आधी मेनचे तीन ठिपके, त्यावर रंगचे दोन. दिसायला जणू कोणी फांदी उचलून वर लावली. प्रत्यक्षात काहीच उचललं गेलेलं नाही. पालक बदलला की हॅश बदलतो, म्हणून गिटने तेच बदल पुन्हा करून दोन नवे ठिपके बनवले आणि लेबल त्यांच्यावर हलवलं. जुने दोन अजून रिपोत आहेत, फक्त त्यांच्यावर कुठलंच लेबल नाही म्हणून ते दिसत नाहीत. रीबेसच्या आधीचे आणि नंतरचे हॅश शेजारी लिहून ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

दुसऱ्यांनी आधीच घेतलेली ब्रांच रीबेस करू नये असं जे सांगतात त्याचं कारण याच चित्रात आहे. तुमच्याकडे नवे ठिपके आणि सहकाऱ्याकडे जुने. तो पुल करतो तेव्हा एकच बदल दोन वेगळ्या ठिपक्यांच्या रूपाने आलेखात येऊन बसतो.

मर्ज बरं की रीबेस, यावर टीमांमध्ये जुंपते. नवख्याने त्यात पडू नये, टीमची जी पद्धत असेल ती पाळावी. ब्रांचांच्या पद्धतींची सर्वांत गाजलेली आकृती व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० साली मांडली. गिट-फ्लो म्हणून ती ओळखली जाते. पुढे २०२० मध्ये त्यांनीच त्यावर टीप जोडली, की सतत नवी आवृत्ती सोडणाऱ्या वेब ॲपच्या टीमांनी यापेक्षा साधी पद्धत घ्यावी. चार जणांच्या टीमने ती आकृती आहे तशी उचललेली दिसली की मला नेहमी त्या टिपेची आठवण होते.

पायरी ५: डिफ वाचणं आणि तुकड्यातुकड्याने स्टेज करणं

खिडकीवाले प्रोग्राम टर्मिनलपेक्षा खरोखर सरस ठरतात ते इथे. कामाच्या भरात आपण एका बैठकीत तीन वेगळ्या गोष्टी बदलतो: एक चूक दुरुस्त, एक नवी सोय, आणि तपासणीसाठी घातलेल्या दोन-चार प्रिंटच्या ओळी. 'गिट ॲड' आणि एक टिंब दिलं की हे सगळं एकाच कमिटमध्ये कोंबलं जातं.

त्याऐवजी गिट गुई, व्हीएस कोड किंवा जे असेल ते उघडा आणि फायलीवर क्लिक करा. बदल तुकड्यांत दिसतील. तुकड्याला हंक म्हणतात. प्रत्येक हंकच्या डोक्यावर अशी एक ओळ असते:

```
@@ -१२,६ +१२,८ @@
```

बहुतेक जण ही ओळ ओलांडून पुढे जातात. उणे चिन्हापुढची जोडी जुन्या फायलीची: १२व्या ओळीपासून ६ ओळी. अधिक चिन्हापुढची नव्या फायलीची: १२व्या ओळीपासून ८ ओळी. म्हणजे या तुकड्यात एकूण दोन ओळी वाढल्या. वाढलेल्या, काढलेल्या अशा सगळ्या मोजून निव्वळ दोन. 'मी तर एकच ओळ लिहिली होती' असं वाटलं तर थांबा, काहीतरी नकळत घुसलंय.

हंकवर राइट-क्लिक करून तेवढाच स्टेज करता येतो, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडता येतो, आणि ओळी निवडून तेवढ्या ओळीही. चुकीची दुरुस्ती एका कमिटमध्ये, नवी सोय दुसऱ्या, आणि प्रिंटच्या ओळी कशातच नाहीत. स्टेज झालेलं आणि न झालेलं दोन वेगळ्या चौकटींत दिसतं. टर्मिनलवर हेच काम 'गिट ॲड -पी' करतं, पण प्रत्येक तुकड्याला होय-नाही उत्तर देत बसावं लागतं आणि मागचं पुढचं दिसत नाही.

डिफच्या रंगांत फसवणारे प्रकार दोन. एक, एक शब्द बदलला आणि अख्खी फाइल लाल-हिरवी झाली. हे जवळजवळ नेहमी ओळ संपवण्याच्या खुणेमुळे होतं: विंडोजची पद्धत वेगळी, लिनक्स आणि मॅकची वेगळी, आणि तुमच्या एडिटरने सगळ्या ओळी गुपचूप बदलून टाकल्या. ते कमिट करू नका, आधी एडिटरचं सेटिंग नीट करा. दुसरा, कोड वरून खाली हलवला तर तो एकीकडे लाल आणि दुसरीकडे हिरवा दिसतो, जणू पुसून नवा लिहिला. 'गिट डिफ --कलर-मूव्ह्ड' दिलं की हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात, आणि तपासणाऱ्याचे डोळे वाचतात.

प्रोजेक्टमध्ये चित्रं असतील तर ओळींचा डिफ कुचकामी. गिटहबवर चित्रांची तुलना शेजारीशेजारी ठेवून, पट्टी सरकवून किंवा एकावर एक पारदर्शक ठेवून करता येते.

पायरी ६: कॉन्फ्लिक्ट म्हणजे तीन बाजू, दोन नव्हेत

दोन ब्रांचांनी एकच जागा वेगवेगळी बदलली की मर्ज अडतं, त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. तो मुद्दाम घडवून आणा. एका फायलीत ही ओळ आहे असं धरा: 'माहिती: ईमेल, फोन, पत्ता'. ती कमिट झाल्यावर नवी ब्रांच काढून तिच्यात ओळीच्या शेवटी जन्मतारीख जोडा. मेनवर येऊन त्याच ओळीतला फोन काढून टाका. दोन्हीकडे कमिट करा आणि मेनवर मर्ज चालवा. फायलीत हे दिसेल:

```
<<<<<<< हेड
माहिती: ईमेल, पत्ता
=======
माहिती: ईमेल, फोन, पत्ता, जन्मतारीख
>>>>>>> नवी-ब्रांच
```

आता मागचं काही माहीत नाही असं समजून निर्णय घ्या. वरची ओळ आखूड, खालची लांब. खालच्याने फोन आणि जन्मतारीख अशा दोन गोष्टी जोडल्या असंच वाटतं, म्हणून हात आपोआप खालची ओळ ठेवण्याकडे जातो. आणि कोणीतरी विचार करून काढलेला फोन परत येऊन बसतो.

यासाठी तिसरी बाजू लागते: समाईक पूर्वज. 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' हे सेटिंग 'डिफ३' केलं की मधे पूर्वजाची ओळही येते. (२०२२ च्या आरंभी आलेल्या २.३५ आवृत्तीपासून 'झेडडिफ३' हा त्याचा आटोपशीर प्रकारही मिळतो.)

```
<<<<<<< हेड
माहिती: ईमेल, पत्ता
||||||| पूर्वज
माहिती: ईमेल, फोन, पत्ता
=======
माहिती: ईमेल, फोन, पत्ता, जन्मतारीख
>>>>>>> नवी-ब्रांच
```

आता प्रश्न सुटला. मधल्या ओळीपासून वर जाताना काय झालं? फोन गेला. खाली जाताना? जन्मतारीख आली. दोन्ही बदल हवेत, म्हणून उत्तर 'माहिती: ईमेल, पत्ता, जन्मतारीख'. हे उत्तर दोन्ही बाजूंपैकी कुठेच नाही. 'आपलं ठेवा', 'त्यांचं ठेवा' आणि 'दोन्ही ठेवा' अशा तिन्ही बटणांनी चुकीचाच निकाल आला असता. 'दोन्ही ठेवा'ने तर एकाखाली एक दोन ओळी आल्या असत्या.

मेल्ड, केडिफ३, पी४मर्ज किंवा व्हीएस कोडचं मर्ज एडिटर हीच तुलना चौकटींत मांडतात. कुठल्या चौकटीत काय आहे ते प्रत्येकात वेगळं असतं, म्हणून आधी मथळे वाचा, आणि व्हीएस कोडमध्ये पूर्वजाची चौकट लपलेली असेल तर ती उघडा. रीबेस चालू असताना तर 'आपलं' आणि 'त्यांचं' यांची अदलाबदल होते: ज्या ब्रांचवर जाऊन बसायचं ती 'आपली' ठरते, आणि तुम्ही स्वतः लिहिलेले बदल 'त्यांचे'. भल्याभल्यांची गफलत इथे होते.

आणि मर्ज बिनबोभाट झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. एका ब्रांचवर फंक्शनचं नाव बदललं, दुसरीवर नव्या फायलीत त्याला जुन्या नावाने हाक मारली, तर ओळी कुठेच भिडत नाहीत. कॉन्फ्लिक्ट येत नाही, आलेख सुंदर दिसतो, आणि प्रोग्राम मात्र चालत नाही. मर्जनंतर चाचण्या चालवाव्याच लागतात.

पायरी ७: दूरची लेबलं शिळी असतात

प्रोजेक्ट जिथून घेतला त्या सर्व्हरवरच्या रिपोला गिट 'ओरिजिन' म्हणतं, म्हणून आलेखात 'ओरिजिन/मेन' असं लेबल दिसेल. ते सर्व्हरची आत्ताची स्थिती दाखवत नाही. तुमच्या संगणकाने सर्व्हरशी शेवटचं बोलणं केलं तेव्हाची दाखवतं. सकाळी फेच केलं असेल तर दुपारी दिसणारं चित्र सकाळचं आहे. म्हणून काही ठरवण्याआधी 'गिट फेच' द्या. फेच फक्त ठिपके आणतं आणि दूरची लेबलं हलवतं. तुमच्या ब्रांचला आणि फायलींना हात लावत नाही. अगदी निर्धोक.

फेचनंतर बघा. ओरिजिन/मेन तुमच्या मेनच्या सरळ पुढे असेल तर पुल केल्यावर फास्ट-फॉरवर्ड होईल. तुमचं मेन पुढे असेल तर पुश जाईल. वाट फुटली असेल तर पुश नाकारला जाणार, आणि आधी मर्ज किंवा रीबेस करावं लागणार. सर्व्हरने काही म्हणायच्या आधीच तुम्हाला हे कळलेलं असेल.

व्हीएस कोडमधल्या 'सिंक' बटणाबद्दल माझी तक्रार इतकीच, की ते पुल आणि पुश एका दमात करतं आणि मधे चित्र बघायला थांबू देत नाही. पहिले काही महिने ते वापरू नका. फेच, बघणं, मग पुल किंवा पुश.

पायरी ८: हरवलेले ठिपके

रीबेसनंतरचे जुने ठिपके, चुकून पुसलेल्या ब्रांचचं काम, हार्ड रीसेट करून (ब्रांचचं लेबल जुन्या ठिपक्यावर नेऊन) मागे टाकलेली कमिट: यांच्यावर लेबल नसतं, म्हणून आलेखात ती येत नाहीत. पण हेड कुठून कुठे गेलं याची नोंद गिट रीफ्लॉगमध्ये ठेवतं. मूळ सेटिंगनुसार ही नोंद ९० दिवस राहते, आणि ज्या ठिपक्यांपर्यंत कुठल्याच लेबलावरून पोचता येत नाही त्यांची ३० दिवस. 'गिटके --ऑल --रीफ्लॉग' दिलं की तेही ठिपके चित्रात उगवतात. हवा तो सापडला की त्याच्यावर नवी ब्रांच काढा, काम परत हाती आलं. कधीच कमिट न केलेले बदल मात्र यात सापडणार नाहीत.

एखादी आखूड फांदी 'डब्ल्यूआयपी' (काम चालू) अशा संदेशासह मधेच लोंबताना दिसली तर ती बहुधा तुमचीच स्टॅश, म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल, असते. स्टॅशही आतून कमिटच आहे, तेही दोन पालकांचं.

पायरी ९: मोठ्या प्रोजेक्टचं जाळं

सरावाच्या रिपोतला आलेख गोड दिसतो. वीस जणांच्या प्रोजेक्टमध्ये तोच आलेख रंगीत दोऱ्यांचा गुंता होतो, आणि तो सगळा वाचायचा प्रयत्न करणं फोल आहे. गाळून बघा. 'गिट लॉग --फर्स्ट-पेरेंट' दिलं की प्रत्येक मर्जचा फक्त पहिला पालक धरला जातो. मेनवर काय काय येऊन मिळालं त्याची सरळ यादी मिळते आणि फांद्यांच्या आतले ठिपके गळतात. एका फायलीपुरता इतिहास हवा असेल तर आज्ञेच्या शेवटी फायलीचं नाव द्या. लेखक आणि तारखेवरून गाळायची सोय जवळपास सगळ्या खिडकीवाल्या प्रोग्रामांत आहे. एखादी ओळ कुठून आली हे शोधायला ब्लेम उघडा, आणि तिथून त्या ठिपक्यावर उडी मारा. ब्लेम शेवटी हात लावणाऱ्याचं नाव दाखवतं, आणि त्याने कदाचित फक्त मोकळ्या जागा नीट केल्या असतील. नाव वाचून कोणाला जाब विचारायला जाऊ नका.

काही आठवड्यांपूर्वी चालणारी गोष्ट आज चालत नसेल तर बायसेक्ट. एक चांगला ठिपका आणि एक वाईट ठिपका दाखवा, गिट मधला काढून देतं. तुम्ही तपासून चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी साधारण निम्मे ठिपके बाद होतात, त्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत हाती लागतं. मधेच 'गिट बायसेक्ट व्हिज्युअलाइझ' दिलं, आणि गिटके बसवलेलं असेल, तर अजून संशयात असलेले ठिपकेच तेवढे त्यात उघडतात. ते बघण्यासारखं असतं, कारण कधी कधी उरलेल्या पाच-सहा संदेशांपैकी एक वाचूनच चोर कळतो. शोध संपला की 'गिट बायसेक्ट रीसेट' द्यायला विसरू नका. नाहीतर हेड कुठल्याच ब्रांचला न जोडलेलं, इतिहासाच्या मधल्या एखाद्या ठिपक्यावर राहतं, आणि पुढचं कमिट तिथेच, लेबलाशिवाय पडतं.